थाऊभर पितळ

रायफल शूटिंगच्या छंदात एक पोटजात असते. या मंडळींना गोळी झाडण्यापेक्षा, झाडून झाल्यावर खाली पडलेली पुंगळी उचलण्यातच जास्त रस. मी त्यातला. इथे टेक्सासात रेंजवर हे मोठ्यानं बोलायची सोय नाही. पण सुट्टीच्या सकाळी गॅरेजमध्ये स्टूल ओढून, पुंगळ्या पुन्हा भरायच्या हातयंत्रासमोर, म्हणजे प्रेससमोर बसलं की जे बरं वाटतं, ते उन्हात निशाणा धरून वाटत नाही.

पुंगळी म्हणजे सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. बार उडाला की ती फुगून चेंबरच्या, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या मापाची होते. पुन्हा भरायची तर तिला डायमध्ये, म्हणजे प्रेसमध्ये फिरवून बसवलेल्या पोलादी साच्यात, दाबून मापात आणावी लागते. दाबलेलं पितळ जाणार कुठे? तोंडाकडे. म्हणजे पुंगळी लांबते. माझ्या काडतुसाची, .308 विंचेस्टरची, लांबी 2.015 इंचांपलीकडे जाऊ द्यायची नाही, नाहीतर तोंड चेंबरच्या टोकाशी अडकतं, गोळी आवळली जाते आणि दाब भलताच चढतो. कापायची ती 2.005 वर. माझी डाय दोन्ही कामं एका दमात उरकते. खाली पुंगळी दाबली जाते आणि त्याच वेळी डोक्यावरची मोटर तोंड छाटते.

सोय आहे, पण क्रम पाळावा लागतो. आधी खांदा, म्हणजे पुंगळीचं अंग मानेकडे निमुळतं होतं तो उतार, मग लांबी. कटर डायवरच बसलेला, त्यामुळे डाय जरा खाली घेतली की तोही खाली येतो. लांबी आधी जमवून मग खांद्याला हात घालणाऱ्याचं काम दुप्पट.

आणि हा खांदा मोठा गमत्या. डाय थोडीथोडी खाली घेत मोजत जा, तो आधी मागे यायच्या ऐवजी पुढेच सरकतो! अंग आवळलं गेल्यामुळे. डायचा खांदा त्याला भिडला की मग मुकाट मागे फिरतो. नवखा माणूस नेमका इथे गेजकडे संशयानं बघू लागतो.

बऱ्याच डायच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, डाय शेल होल्डरला, म्हणजे पुंगळीचं बूड धरणाऱ्या खाचेच्या तुकड्याला, टेकवा आणि आणखी पाव फेरा खाली द्या. मला हा सल्ला पटत नाही. डायला इंचाला 14 आटे, म्हणजे एक फेरा साधारण 71 थाऊ, इंचाचे हजारावे भाग. पाव फेरा झाला जवळपास 18. त्यातलं बरंचसं प्रेस ताणण्यात जातं, उरलेलं खांद्यावर. माझ्या बोल्ट रायफलला खांदा दोनच थाऊ मागे हवा असतो, आणि तोही तिच्याच चेंबरमधून निघालेल्या पुंगळीवरून मोजून. घड्याळाचा मिनिटकाटा पावणेदोन मिनिटांत सरकतो तेवढीच डाय फिरवायची. खांदा जास्त मागे ढकलला तर प्रत्येक बार उडताना बुडाजवळचं पितळ ताणून पातळ होतं. बाहेर चकचकीत कडं दिसतं, आत तारेचा आकडा फिरवला की खाच लागते. अशी पुंगळी सरळ भंगारात.

पितळ सोसतं, पण विसरत नाही. ब्रिटिश फौजेला हे आपल्याकडच्या पावसाळ्यात कळलं. तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या बार न काढताच तडकायच्या. 1921 मध्ये उलगडा झाला. घडवताना पितळात राहिलेला ताण, त्यात घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दमट हवा. पुंगळ्या तापवून तो ताण काढला की तडे थांबतात. मीही माझ्या पुंगळ्यांच्या माना अधूनमधून शेकून घेतो, कारण दाबून दाबून त्या ताठर होतात आणि मग डायमधून निघाल्यावर खांदा थोडा उसळून परत येतो. सेटिंग तेच, माप वेगळं.

शेवटचा छळ लॉक रिंगचा, म्हणजे डाय जागेवर पक्की करणाऱ्या कड्याचा. सगळं जमतं आणि रिंग आवळताना डाय केसभर हलते. म्हणून पुंगळी आत, हँडल खाली दाबलेलं, आट्यांवर भार, असं धरून मी रिंग आवळतो. डाय उसनी द्यायला माझी ना नाही. फक्त ती दुसऱ्याच्या प्रेसवर, दुसऱ्याच्या शेल होल्डरवर जाणार, तेव्हा माझं सेटिंग तिथे चालेल या भरवशावर कुणी राहू नये.