खांब गेला, पण तळातून नाही

फाटकाचा खांब डुलायला लागला तेव्हा मी धरूनच चाललो होतो की बुडखा कुजला. पहारीने उकरून बाहेर काढला आणि तोंडात मारल्यासारखं झालं. दोन फूट खाली गाडलेलं टोक ठणठणीत होतं. गेला होता तो जमिनीलगतचा वीतभर भाग. तिथे पेचकस टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला, भिजलेल्या पुठ्ठ्यात जावा तसा.

बुरशीला ओल लागते, तशी हवाही लागते. खोलवर ओल भरपूर, पण हवा जेमतेम. वर हवा आहे, पण लाकूड पटकन वाळतं, आणि ओल 20 टक्क्यांच्या आत असली की बुरशीचं काही चालत नाही. दोन्हींची सोय होते ती नेमकी मातीच्या तोंडाशी.

आणि ही सोय मीच करून दिली होती. मजबुतीच्या हौसेने तळासकट भोवती काँक्रीट ओतलं. पुढे लाकूड वाळून आकसलं, कडेने नखभर फट पडली. पावसाचं पाणी त्या फटीतून उतरायचं आणि खाली वाट नसल्याने तिथेच मुरायचं. वरून डांबरही फासलं होतं, तेही खांब पुरता वाळायच्या आधी. म्हणजे आतली ओल आतच कोंडली.

नव्या खांबाला दाबाखाली औषध मुरवलेलं लाकूड घेतलं. कापलेली बाजू वर ठेवली, कारण औषध गाभ्यापर्यंत पोचतंच असं नाही. त्या कापावरही औषधाचे दोन हात दिले. खड्ड्याच्या तळाशी वीतभर खडी, खांब थेट तिच्यावर. काँक्रीट फक्त भोवती, जमिनीच्या जरा वर आणून बाहेरच्या बाजूला उतार दिलेलं. फट पडली तरी पाणी खडीतून निघून जाईल. माथा तिरका तासला.

टोक भाजून पुरा, असं पुष्कळांनी सुचवलं. पण कोळशाच्या थराला भेगा पडतात, आणि भेगेतून बुरशी आत जाणारच. जळक्या तेलाचं तर नावच नको; ते लाकडात फारसं मुरत नाही, माती मात्र नासवतं.

उरलेल्या चार खांबांभोवती चढलेली माती काल खुरप्याने ओढून काढली आणि प्रत्येकाला पेचकस टोचून पाहिला. तिसऱ्यात बोटभर गेला. त्याच्यावर खडूने फुली मारून ठेवली आहे.