१:२४ पोर्शे ९११ : जर्मन आणि अमेरिकन कॅरेरा शेजारी शेजारी, काम कुठवर आलं

माझ्या पोर्शे ९११च्या दोन प्लास्टिक मॉडेलांपैकी (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या) दोन्ही बॉड्यांवर प्रायमर चढलाय, पुढच्या दिव्यांच्या जागा कापून झाल्यात आणि अमेरिकन गाडीच्या मागच्या बंपरला आकार आलाय. रंगाला हात लावण्याआधी आतापर्यंतचं काम लिहून ठेवतो, कारण या जोडीत खरी गंमत रंगाखालीच आहे.

बेत असा: एकाच जपानी किटच्या दोन प्रती, दोन्ही १९८४ची कॅरेरा ३.२ कूपे, दोन्ही ग्रां प्री व्हाइट. एक श्टुटगार्टमध्ये विकलेली, दुसरी कॅलिफोर्नियात. रंग, चाकं, आतली सीटं सगळं सारखं ठेवायचं. फरक दिसेल तो फक्त कायद्याने घडवलेला. पांढरा रंग मुद्दाम घेतला. पांढऱ्यावर काळं रबर आणि काळे जोड लगेच नजरेत भरतात, आणि या दोन गाड्यांमधले बरेचसे फरक काळ्या रबरातच आहेत.

आपल्या मॉडेल बनवणाऱ्यांतले बरेच जण अमेरिकन ९११ म्हटलं की नाक मुरडतात. जड बंपर, कमी ताकद, उंच उभी राहणारी गाडी. आणि 'खरी' म्हणजे युरोपची. मला हे अजिबात पटत नाही. १९७४च्या मॉडेलपासून १९८९पर्यंत ९११चा जो चेहरा आपण ओळखतो, तो मुळात अमेरिकेच्या नियमामुळेच आला. ताशी ५ मैल वेगाने धडक बसली तरी दिवे आणि इतर सुरक्षेचे भाग शाबूत राहिले पाहिजेत, असा तो नियम होता. १९७३च्या मॉडेलला तो पुढच्या बंपरसाठी पूर्ण लागू झाला आणि १९७४पासून मागच्यालाही. पोर्शेने १९७३च्या अमेरिकन गाड्यांना रबराचे मोठे ठोकळे लावून वर्ष निभावलं. मग अनातोल लापीन यांच्या डिझाइन विभागाने बंपर बॉडीपासून वेगळा काढला. ॲल्युमिनियमचा बंपर धडकेत आत सरकू शकेल इतकी फट ठेवली आणि ती फट दोन्ही टोकांना रबरी भात्याने झाकली. हाच बंपर साऱ्या जगाला मिळाला. म्हणजे श्टुटगार्टमधल्या माणसाने घेतलेली गाडीही वॉशिंग्टनचा नियम अंगावर घालूनच रस्त्यावर आली. फरक आतमध्ये. अमेरिकन गाडीत बंपरमागे धक्का खाऊन पुन्हा मूळ जागी येणारे हायड्रॉलिक शॉक ॲब्झॉर्बर, तर युरोपीय गाडीत साधारणपणे एकदाच दबणाऱ्या धातूच्या नळ्या. अमेरिकन गाडी धडकेनंतर बंपर बाहेर ढकलते. युरोपातल्या मालकाला नळ्या बदलाव्या लागतात.

किटमधले भाते फारच उथळ निघाले, नुसत्या रेघा. बारीक दातांच्या करवतीने प्रत्येक खाच पुन्हा खोल केली, मग दुमडलेल्या सँडपेपरच्या कडेने गोलाई दिली. हे काम दोन्ही गाड्यांना सारखंच. मागे मात्र वाटा वेगळ्या होतात. अमेरिकन गाडीच्या मागच्या बंपरवर रबराचे दोन मोठे उभे ठोकळे असतात, युरोपीय गाडीवर ते बरेच लहान. किटमध्ये लहानच दिलेत. मोठे ठोकळे स्टायरीन या प्लास्टिकच्या शीटचे थर एकावर एक चिकटवून बनवले, वाळल्यावर तासले. माप फोटोवरून काढलं. बंपरची उंची माहीत असली की ठोकळा तिच्या किती पट आहे ते फोटोत मोजता येतं.

आता दिवे. माझ्या मते अख्ख्या जोडीत सगळ्यात बोलका भाग हाच. युरोपीय गाडीला एच४ (बदलता येणाऱ्या हॅलोजन बल्बचा) दिवा: काच मडगार्डच्या उताराबरोबर मागे कललेली, बाहेरून किंचित फुगीर, कडं बॉडीच्या रंगाचं. मडगार्डची रेघ दिव्यावरून न अडखळता खाली उतरते. अमेरिकेत त्या काळी सील्ड बीम सक्तीचा होता. काच, परावर्तक आणि फिलामेंट एकाच बंद कवचात, आणि वरून काचेचं आवरण चालत नसे. म्हणून १९६८च्या मॉडेलपासून अमेरिकन ९११चा दिवा सरळ उभा राहिला, मडगार्डच्या तोंडातून जरा आत सरकला आणि भोवती खोलगट कडं आलं. हौशी मंडळी त्याला 'शुगर स्कूप' म्हणतात. समोरून फरक चटकन कळत नाही. बाजूने पाहा: युरोपीय गाडीचा डोळा आभाळाकडे, अमेरिकन गाडीचा सरळ रस्त्याकडे.

सात इंची दिवा म्हणजे १७८ मिमी, १:२४ मध्ये साधारण ७.४ मिमी. किटमधली कललेली कड कापून टाकली, मडगार्डमध्ये आतून स्टायरीनच्या नळीचा तुकडा सरळ बसवला आणि बाहेरचा भाग पुट्टीने उतरता केला. पुट्टी वाळली की गोल काठीवर सँडपेपर गुंडाळून आतली बाजू घासायची, म्हणजे कडं एकसारखं खोल राहतं. काच बनवली गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या पारदर्शक प्लास्टिकची. ते गरम करून घासलेल्या लाकडी दांडीच्या टोकावर दाबलं, थंड झाल्यावर आतल्या बाजूने सुईने उभ्या बारीक रेघा ओढल्या. सील्ड बीमच्या काचेत असे उभे पट्टे असतातच. त्यांच्याशिवाय तो दिवा खोटा वाटतो. मागे ॲल्युमिनियम फॉइलची वाटी. उजव्या बाजूचा दिवा बसवून पाहिला आणि ती गाडी त्याच क्षणी कॅलिफोर्नियाची झाली.

संदर्भाच्या फोटोंबाबत एक गोष्ट जपा. अमेरिकेतल्या बऱ्याच मालकांनी नंतर आवडीने एच४ दिवे बसवून घेतले आणि गाड्या खाली उतरवल्या. उलट ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात कितीतरी युरोपीय ९११ खाजगी वाटेने अमेरिकेत गेल्या. विशेषतः टर्बो, कारण १९७९नंतर ती तिथे अधिकृतपणे मिळतच नव्हती; १९८६ला परत आली. त्यामुळे फोटोतली नंबरप्लेट पाहून काहीच ठरवू नका, चॅसी नंबर पाहा. १९८१पासूनच्या सतरा अक्षरी नंबरात 'डब्ल्यूपी०' नंतर 'झेडझेडझेड' असेल तर गाडी उर्वरित जगासाठीची. त्या जागी दुसरी अक्षरं आणि आकडे असतील तर ती उत्तर अमेरिकेसाठीची. पुढच्या बॉनेटखालच्या स्टिकरवर 'सी' कोडही मिळतो: सी००  म्हणजे जर्मनी, सी१६ म्हणजे ब्रिटन. तो स्टिकर मी डिकॅल (मॉडेलवर चिकटवायचं पातळ चित्र) म्हणून छापलाय. वाचता येणार नाही, पण जागेवर असेल.

उंचीचं काम सोपं. बंपर नियमात बसावा म्हणून अमेरिकन गाडी टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) फिरवून उंच ठेवत. पुढे-मागे ॲक्सलखाली १ मिमीची चकती घातली की झालं. खऱ्या गाडीवर हा सुमारे इंचभराचा फरक, पण शेजारी ठेवल्यावर चाकावरची रिकामी जागा लगेच दिसते.

नंबरप्लेटही दोन्हीकडची तपासून घेतली. जर्मन प्लेट ५२० बाय ११० मिमी, म्हणजे मॉडेलवर २१.७ बाय ४.६. कॅलिफोर्नियाची १२ बाय ६ इंच, म्हणजे १२.७ बाय ६.३५. जर्मन प्लेट पांढरी, 'एस' या शहराच्या अक्षराने सुरू होणारी, डावीकडे युरोपचा निळा पट्टा नाही, तो पुढे आला. कॅलिफोर्नियाची निळी, पिवळी अक्षरं. युरोपीय गाडीला पुढच्या मडगार्डवर चाकामागे छोटा पिवळा इंडिकेटर हवा, अमेरिकनला नको. मागच्या काचेतला तिसरा ब्रेकलाइटही नको, तो सक्तीचा झाला १९८६च्या मॉडेलपासून. हे न तपासता बसवलेली मॉडेल्स मी पाहिलीत.

गाडी उलटी केली की पुन्हा फरक. इंजिन दोन्हीकडे ३१६४ सीसी, पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणारी बॉशची मोट्रॉनिक यंत्रणा. युरोपसाठीच्या इंजिनाचा कोड ९३०/२०, कॉम्प्रेशन (सिलिंडरात मिश्रण दाबण्याचं प्रमाण) १०.३:१, ताकद २३१ पीएस (अश्वशक्ती). अमेरिकेसाठीचं ९३०/२१, कॉम्प्रेशन ९.५:१, २०७ पीएस. बिनशिशाच्या पेट्रोलसाठी आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी कॉम्प्रेशन उतरवलं. मॉडेलवर दाखवायचा तो कन्व्हर्टर: युरोपीय गाडीत जिथे पुढचा सायलेन्सर बसतो, तिथे अमेरिकन गाडीत कॅट. पितळी तारेचा तुकडा आणि दोन थर स्टायरीन, वर जळकट सोनेरी छटा. चोवीस पीएस गेले याचं मलाही वाईट वाटतं. पण सत्तरच्या दशकातल्या थर्मल रिॲक्टरची आठवण काढली की १९८४ची ही तडजोड खूप शहाणी वाटते. तेव्हा २.७ लिटरच्या इंजिनाखाली न जळलेलं पेट्रोल जाळणारे लालभडक डबे बसवले गेले आणि त्या उष्णतेने मॅग्नेशियमच्या क्रँककेसमधून (इंजिनाच्या कवचातून) सिलिंडर हेड धरून ठेवणारे स्टड ओढले जाऊ लागले. त्याच काळात 'कॅरेरा' या एकाच नावाखाली युरोपात २१० पीएसचं यांत्रिक इंजेक्शनवालं इंजिन मिळे आणि अमेरिकेत के-जेट्रॉनिक या दुसऱ्या इंजेक्शन पद्धतीचं १७५चं. त्या तुलनेत १९८४ला दरी बरीच भरलेली होती. १९८७ला अमेरिकन आवृत्ती २१७ पीएसवर गेली, आणि पुढे कॅटवाल्या ९११ जर्मनीतही विकल्या जाऊ लागल्या. अमेरिकन गाडी ज्या वाटेने गेली, तीच वाट नंतर सगळ्यांनी धरली. म्हणून तिला शुगर स्कूपसकट, ठोकळ्यांसकट जशी होती तशी बांधायची.

आता रंग. पावसाळ्यात पुण्यात लॅकर मारणं म्हणजे हवेवर नजर ठेवणं. थिनर उडताना लॅकर पटकन थंड होतो, दमट हवेतली वाफ त्यात अडकते आणि दुधी झाक येते. शुद्ध पांढऱ्यात ती दिसत नाही, पण वरच्या क्लिअर कोटमध्ये दिसते. म्हणून सावकाश वाळणारा थिनर वापरतोय आणि उघडीप मिळेल त्या दुपारीच एअरब्रश काढतोय. दोन्ही बॉड्या एकाच मिश्रणातून, एकाच बैठकीत रंगवायच्या. पांढऱ्याच्या दोन छटा झाल्या तर नजर रबर सोडून रंगावरच जाईल.

यानंतर तिसरी गाडी ठरलीय: ब्रिटनची उजव्या स्टिअरिंगची कॅरेरा स्पोर्ट, फुक्स कंपनीची सोळा इंची चाकं आणि मागचा स्पॉयलर असलेली. डॅशबोर्ड उलटा करायला पाच गोल मीटरांची पट्टी मधोमध कापून उजवीकडे न्यावी लागेल. त्याचं कार्डबोर्डचं नमुनाकाम सुरू केलंय.