स्नेक रोडला गाइड घेऊ नका, खाली बघून चाला

रात्रीच परत आलोय, पाय भरून आलेत, पण डोक्यात ताजं आहे तोवर लिहितो. अमेरिकेतल्या दक्षिण इलिनॉयच्या शॉनी नॅशनल फॉरेस्टमधला स्नेक रोड बघायला जाणार असाल तर गाइडवर एक पैसा घालवू नका. आम्ही माणशी 80 डॉलर दिले आणि त्याने वाटेतल्या डबक्यात पोहणारा साप दाखवून ‘हा कॉटनमाउथ’ (पाण्याजवळ राहणारा विषारी साप) म्हणून सांगितलं. साफ चूक, तो बिनविषारी पाणसाप होता, डोकं वर आणि अंग पाण्याखाली. कॉटनमाउथ पोहतो तेव्हा अख्खं अंग पाण्यावर तरंगतं.

रस्ता फुकट आहे. अडीच मैल, 15 मार्च ते 15 मे आणि 1 सप्टेंबर ते 30 ऑक्टोबर गाड्यांना बंद, कारण एका बाजूला चुनखडीचे कडे, दुसऱ्या बाजूला दलदल, आणि साप हिवाळ्यासाठी कड्यात जातात, वसंतात पाण्याकडे उतरतात.

आता खाली बघून चाला का म्हणतो ते. कड्याला चिकटून ओला पाचोळा, मी वर कड्याकडे बघत चाललेलो आणि पाऊल टाकणार तेवढ्यात समोर काहीतरी पांढरंशुभ्र उघडलं. कापसाचं बोंड फुटावं तसं. काळपट जाड साप, वेटोळं घालून, डोकं मागे, जबडा पूर्ण उघडा, शेपटी थरथरतेय. कॉटनमाउथ हे नाव त्या तोंडाच्या आतल्या पांढऱ्या रंगावरूनच पडलंय, आणि मला ते आयुष्यभर पुरेल इतकं समजलं. (वॉटर मोकासिन म्हणजे हाच.) विरोळा बघत वाढलेल्या आपल्या लोकांना पाण्यातला साप म्हणजे निरुपद्रवी वाटतो, तिथे ही सवय घरी ठेवून जा.

पण तो माणसाच्या मागे लागतो वगैरे लोक सांगतात ते खोटं आहे. मी दोन पावलं मागे सरलो, तो जागचा हलला नाही. जबडा उघडणं म्हणजे ‘थांब’ एवढंच. 2002 च्या एका अभ्यासात नकली हाताने धरलेल्या 36 कॉटनमाउथपैकी 13 च चावले होते. तरी धरू नका, तिथे साप पकडणं बेकायदा आहे आणि विष मांस सडवतं.

घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घाला, पाचोळ्यात आणि ओंडक्यापलीकडे न बघता पाय टाकू नका. पिवळ्या शेपटीचं पिल्लू गोंडस दिसतं, तेही विषारीच. चावलाच तर कापू नका, आवळून बांधू नका, 911 (तिथला आपत्कालीन नंबर) लावा.