आमची वाटचाल : एकोणीस माणसांचा कारखाना

आमच्याकडे महिना एकतीस तारखेला संपत नाही, पुढच्या पंधरा तारखेला संपतो. पीएफ आणि ईएसआय (कामगार राज्य विमा), दोन्ही भरायची शेवटची तारीख तीच. सोलापुरात टॉवेल-चादरवाल्यांचं कामगार कायद्याचं काम करायचं म्हणजे या पंधरा दिवसांत आठवड्याच्या मजुरीचा महिना करायचा. विणकराला पैसे नगावर आणि वाटप आठवड्याला, महिना मात्र बुधवारी संपलेला असतो. मग बुधवारपर्यंतचे नग वेगळे मोजायचे आणि त्याच महिन्याला लावायचे. ‘राहू दे, पुढच्या आठवड्यात धरू’ म्हटलं की वेतन रजिस्टर आणि भरणा यांचा मेळ गेलाच म्हणून समजा.

सुरुवातीची हत्यारं कापडी पाठीचं मस्टर म्हणजे हजेरीची वही, कार्बन आणि कॅल्क्युलेटर. पीएफच्या चलनावर पीएफ, पेन्शन, विमा आणि प्रशासनखर्चाची वेगवेगळी खाती : 1, 2, 10, 21 आणि 22. वर्षाअखेरी माणसागणिक नमुना 3-ए, सगळ्यांचा मिळून नमुना 6-ए, आणि त्या दोघांची बेरीज जुळेना की रात्र आमचीच. 2012 मध्ये ईसीआर, म्हणजे चलन आणि विवरणपत्र एकत्र असलेली ऑनलाइन फाइल, आला तेव्हा सुटलो असं वाटलं. पण त्या फाइलमध्ये दोन रकान्यांच्या मध्ये हॅश-टिल्ड-हॅश (#~#) लागतं, आणि एक टिल्ड राहिली तरी फाइल परत येते. यूएएन, म्हणजे कामगाराचा कायमचा पीएफ क्रमांक, आल्यावर नावांचा घोळ सुरू झाला. पूर्वभागातल्या तेलुगू घरांत आडनाव आधी की नाव आधी, हे आधार कार्डावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. आता कामावर घेतानाच दोन्ही कागद शेजारी ठेवून बघतो. माणूस काम सोडून पैसे काढायला गेल्यावर दुरुस्ती करत बसणं म्हणजे त्याचेच महिने वाया घालवणं.

मधली वर्षं बरी गेली. मग आमच्या धंद्यात एक नवा सल्लागार उतरला. त्याची फी आमच्या निम्मी आणि मंत्र एकच : एकोणीस. वीस माणसांवर पीएफ लागतो ना, मग एका शेडला दोन पाट्या लावायच्या, एक मालकाच्या नावाची, एक त्याच्या भावाच्या नावाची. दोन्ही मस्टरवर एकोणीस-एकोणीस, उरलेल्यांना मस्टरबाहेर, नुसत्या व्हाउचरवर पैसे. ईएसआय दहाला लागतो, त्याचं तो काय सांगायचा कोण जाणे. दोन वर्षांत आमचे निम्म्याहून जास्त कारखाने तिकडे गेले. दोन टेबलं विकली, कचेरीचं भाडं थकलं. जाणाऱ्यांपैकी कुणी ‘फी थोडी कमी करता का’ एवढंही विचारलं नाही.

राहिले ते अक्कलकोट रोड एमआयडीसीतले अण्णा. आम्ही वकील नाही, तरी ते वकीलसाहेबच म्हणायचे. ‘वकीलसाहेब, मस्टर तुमच्याकडं नको, मागाजवळच असू द्या,’ हे त्यांचं पहिल्या दिवसापासूनचं म्हणणं. जॉबरच्या, म्हणजे माग सांभाळणाऱ्या मुकादमाच्या, खिळ्याला मस्टर टांगलेलं, पाळी सुरू झाली की पंधरा मिनिटांत हजेरी. पानांत कापसाचं तूस, कोपऱ्यावर तेलाचा अंगठा, शाई रोजची वेगळी. गड्ड्याच्या यात्रेत गैरहजेरीच्या फुल्या भरपूर, कारण तेव्हा माणसं खरोखरच येत नाहीत. वर्षभराचं मस्टर एका बैठकीत लिहिणाऱ्याला जानेवारीतल्या त्या फुल्या सुचत नाहीत.

दोन पाट्यांचा खेळ मोडायला तपासणाऱ्याला फार काही लागत नाही. लाइट बिल मागितलं की दोन पाट्यांना एकच मीटर. चोवीस माग, एका विणकराकडे दोन, दोन पाळ्या, म्हणजे चोवीस विणकर तिथंच झाले. कांडी, वार्पिंग, शिलाई, घडी आणि जॉबर धरून आणखी सोळा. ठेकेदाराची माणसंही मोजणीत येतात. वर नफा-तोटा पत्रकात मजुरीचा खर्च चाळीस माणसांचा, कारण प्राप्तिकरासाठी तो दाखवायचाच असतो. एकच जॉबर, एकच सूत, एकच गल्ला दिसला की दोन्ही पाट्या मिळून एक आस्थापना धरली जाते. आणि एकदा कायदा लागू झाला की माणसं विसाच्या खाली आली तरी सुटका नाही.

तीन वर्षं पीएफ न भरल्याचा हिशेब मांडू. बारा हजार मजुरीवर कामगाराचे 12 टक्के, मालकाचे 12, पीएफसोबतच्या विम्याचा अर्धा आणि प्रशासनाचा अर्धा टक्का : माणशी 3,000 रुपये. चाळीस माणसांचे महिन्याला 1,20,000, छत्तीस महिन्यांचे 43,20,000. पीएफ कायद्याच्या कलम 7-क्यू चं व्याज सालीना 12 टक्के. सरासरी दीड वर्षाचा उशीर धरला तरी 7,77,600. कलम चौदा-बी चा दंड निराळा : जून 2024 पासून महिन्याला 1 टक्का, त्याआधी सहा महिन्यांपुढच्या थकबाकीवर सालीना 25 टक्क्यांपर्यंत. सगळ्यात झोंबतं ते पुढंच आहे. त्या त्या महिन्यात कापून न घेतलेला कामगाराचा हिस्सा मागाहून त्याच्या मजुरीतून वसूल करता येत नाही, तोही मालकाच्याच खिशातून जातो.

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. उचल वेगळ्या वहीत लिहा आणि पीएफ पूर्ण मजुरीवर काढा. उचल वजा करून उरलेल्या रकमेवर काढणारे कारखाने आजही आहेत. दिवाळीला चादर आणि मिठाई दिली म्हणजे बोनस दिला असं होत नाही; किमान 8.33 टक्के द्यावाच लागतो, त्याची सही घ्या. मजुरीचे तुकडे करून भत्ते फुगवू नका : 21 नोव्हेंबर 2025 पासूनच्या कामगार संहितांत भत्ते निम्म्यापुढे गेले की वरचा भाग वेतनातच मोजतात. अंगठ्याचं यंत्र बसवा, पण सहीचं मस्टर बंद करू नका. सुतावर काम करून बोटं घासतात, यंत्र त्यांना ओळखत नाही, आणि मग हजर माणूस गैरहजर लागतो.

कलम सात-ए च्या, म्हणजे पीएफची थकबाकी ठरवायच्या, चौकशीच्या नोटिसा लागल्या तेव्हा गेलेल्यांपैकी सहा जण परत आले. त्यातल्या एकाला न्यायाधिकरणात अपील करायचं होतं. त्यासाठी तेव्हा ठरलेल्या रकमेचे 75 टक्के आधी भरावे लागत. कमी करून मिळू शकत, पण कारण पटवावं लागे. ते कागद आम्हीच तयार केले, रात्री दोनपर्यंत बसून. नव्या सल्लागाराची फी त्यानं पूर्ण चुकती केली होती. आमचं जायच्या आधीच्या चौदा महिन्यांचं बिल मात्र अजून त्याच फाइलला टाचलेलं आहे.