काचेवरची काजळी

घरातल्या बंद लोखंडी शेगडीत लाकूड जळते, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. प्रत्यक्षात लाकूड तापले की त्यातून वायू सुटतात आणि नाचताना दिसते ती ज्योत त्या वायूंची असते. लाकूड स्वतः जळते ते सर्वांत शेवटी, निखारा होऊन, फारसा गाजावाजा न करता. म्हणजे धूर हे न जळताच निसटलेले सरपण होय. एवढी साधी गोष्ट कळायला माझा एक अख्खा हिवाळा खर्ची पडला.

त्या हिवाळ्यात झोपण्यापूर्वी मी शेगडी ओंडक्यांनी गच्च भरत असे आणि रात्रभर ऊब पुरावी म्हणून हवेची झडप जवळजवळ बंद करत असे. आग टिकायची खरी, पण धुमसत टिकायची. सकाळी शेगडीच्या दाराची काच काळीकुट्ट झालेली असे आणि ती घासता घासता मी काच बनवणाऱ्याला नावे ठेवत असे. पुढे धुराडे साफ करताना ब्रश वरून खाली आला, तेव्हा त्याच्यासोबत डांबरासारखे चकचकीत पोपडे पडले. अर्धवट जळलेला धूर थंड नळीत गोठला की हा थर बसतो, आणि तो पेटला तर धुराड्यातले तापमान 1000 अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकते. काच बिचारी रोज सांगत होती; ऐकणाराच बहिरा होता.

दोष सरपणाचाही होता. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते आणि आगीची पहिली धग ते उडवण्यातच जाते. हे प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली यावे लागते, आणि त्यासाठी लाकूड फोडून, वरून झाकून, बाजूंनी वारा खेळेल असे रचून वर्षभर, टणक असेल तर दोन वर्षे ठेवावे लागते. दोन ढलप्या एकमेकींवर आपटाव्यात: वाळलेल्या खणखणतात, ओल्या नुसत्या थपकतात. उतावळ्या माणसाने हा नाद करू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पेटवण्याची रीतही मी उलटी केली. आता जाड लाकडे तळाशी आणि काटक्या सर्वांत वर ठेवून वरूनच काडी लावतो, म्हणजे खालून निघणारा धूर ज्योतीतून जातो आणि जळून जातो. फुंकणी कोपऱ्यात पडून आहे. निखारे लाल असेपर्यंत धुराड्याची वाट मात्र कधीही बंद करत नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. शेगडीच्या दाराच्या कडेने फट बुजवायला बसवलेली दोरी झिजली आहे का, हे पाहायला दारात कागदाचा कपटा धरून दार लावतो. तो सहज ओढून निघाला, तर दोरी बदलायची वेळ झाली.

राख सगळी काढत नाही. बोटभर थर निखाऱ्यांना अंथरूण म्हणून ठेवतो. काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत घराबाहेर राहते, कारण तिच्यात दडलेला निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहतो. निवल्यावर तिच्यातलीच चिमूटभर राख ओलसर कागदावर घेऊन काच पुसतो. पूर्वी हे काम रोजचे होते, आता आठवड्यातून एकदा पुरते.