‘किनाऱ्यावर’ या एका शब्दासाठी सव्वा महिना

‘मजकूर मंजूर साच्याशी जुळत नाही’ हे वाक्य गेल्या वर्षीच्या जून-जुलैत मी इतक्या वेळा वाचले, की आजही ते आठवले तरी संताप होतो. तापीकाठच्या एका नगरपरिषदेत मी जनसंपर्काचे काम पाहते. पावसाळ्यापूर्वी नदीकाठच्या कुटुंबांना मोबाईलवर मराठीतून इशारा जाईल अशी सोय करायची, एवढेच काम मी अंगावर घेतले होते. त्या कामाला लागलेल्या दिवसांपैकी निम्म्याहून अधिक दिवस एका शब्दात अडकले. हा अनुभव इतर पालिका आणि ग्रामपंचायतींतील सहकाऱ्यांना उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे नदीचा धोका आभाळ पाहून कळत नाही. तापीचा उगम मध्य प्रदेशात बैतुल जिल्ह्यातील मुलताईला होतो, विदर्भातून येणारी पूर्णा तिला चांगदेवजवळ मिळते, आणि या दोन्ही नद्यांचे पाणी हतनूर धरणात येते. धरणाला ४१ दरवाजे आहेत. बैतुलला किंवा अकोल्याकडे रात्रभर पाऊस कोसळतो, इकडे खान्देशात ऊन पडलेले असते, आणि दुपारी हतनूरमधून विसर्ग वाढवल्याचा निरोप येतो. त्या वेळी काठावर कोणी जाळे टाकून बसलेला असतो, कोणाची गुरे पाण्यावर आलेली असतात, आणि केळीच्या बागांना पाणी देणाऱ्या कितीतरी मोटारी नदीच्या कडेला मांडलेल्या असतात. मोटार वर ओढून काढायला माणसे जमवावी लागतात आणि तासभर तरी जातो. तो तासभर आधी कळणे, हाच या इशाऱ्याचा सगळा अर्थ आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा इशारा देण्याची पद्धत सरळ होती. भोंगा लावलेली रिक्षा काठच्या वस्त्यांतून फिरवायची आणि संध्याकाळपर्यंत वर्तमानपत्रांच्या प्रतिनिधींना प्रेसनोट पाठवायची. पुढे प्रेसनोटची जागा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांनी घेतली. तेथे आमचा संदेश आणि कोणीतरी पाठवलेली तीन वर्षांपूर्वीची पुराची चित्रफीत एकाच रांगेत, एकाच तोलाने उभी राहते, आणि खरे काय ते विचारायला लोक कार्यालयात फोन करतात. जिल्हा आणि राज्य पातळीवरून येणारे आपत्तीचे इशारे आवश्यकच आहेत, पण आमच्या गावातला कोणता घाट बंद केला आणि कोणत्या शाळेत राहण्याची सोय केली, हे गावपातळीवरूनच सांगावे लागते. शिवाय काठावरच्या पुष्कळ वयस्कर माणसांकडे बटणांचा साधा फोन आहे. त्यावर पोहोचतो तो फक्त एसएमएस, म्हणून मी एसएमएसचा आग्रह धरला.

असा संदेश आता मनात आले म्हणून पाठवता येत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१८ च्या विनियमांनुसार घाऊक संदेश पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेला दूरसंचार कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर, म्हणजे अशा संदेशांच्या नोंदणीच्या संकेतस्थळावर, नोंदणी करावी लागते. त्यानंतर संदेशावर दिसणारे इंग्रजी अक्षरांचे शीर्षक मंजूर करून घ्यायचे आणि शेवटी मजकुराचा साचा मंजूर करून घ्यायचा. साच्यात जे बदलणार आहे, उदाहरणार्थ दरवाज्यांचा आकडा, तेवढी जागा रिकामी ठेवता येते; बाकी मजकूर जसाच्या तसा जावा लागतो. फसवणुकीचे संदेश थांबवण्यासाठी ही व्यवस्था आहे आणि ती असायलाच हवी, असे माझे मत आजही आहे.

नोंदणी आणि शीर्षक या दोन पायऱ्या पार पडल्या. नोंदणी एकदा परत आली, कारण पॅनकार्डावर संस्थेचे नाव ‘मुख्याधिकारी’ या पदनामाने होते आणि पत्राच्या शिरोभागी नगरपरिषदेचे नाव होते. अर्ज करण्यापूर्वी लेखा विभागाकडून पॅनकार्ड मागून घ्यावे आणि त्यावरचे इंग्रजी स्पेलिंग अर्जात अक्षरशः उतरवावे.

आम्ही एकूण पाच साचे पाठवले होते आणि मेअखेर पाचही मंजूर झाले. आम्हाला वाटले, काम संपले. जूनच्या पहिल्या आठवड्यात कार्यालयातल्या बारा फोनवर चाचणी घेतली. पाणीपट्टीचा संदेश क्षणात आला, पाणीपुरवठा बंद असल्याचा आला, लसीकरणाचाही आला. पण नदीच्या इशाऱ्याचा संदेश एकाही फोनवर आला नाही. संदेश पाठवणाऱ्या पुरवठादाराच्या पॅनेलवर त्याच्यापुढे ‘नाकारला’ असा शेरा होता. पाचवा साचा केळी उत्पादकांसाठी होता, तोही नाकारला गेला. ज्या कामासाठी ही सगळी धडपड होती, तेच नेमके अडले होते.

मी तक्रार नोंदवली. तीन दिवसांनी उत्तर आले, की मजकूर मंजूर साच्याशी जुळत नाही. मी पोर्टलवरचा मंजूर साचा आणि पॅनेलवरचा मजकूर असे दोन कागद छापून घेतले आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून पाहिले. काना, मात्रा, पूर्णविराम, मधली मोकळी जागा, सगळे एकसारखे होते. छायाचित्रांसह दुसरी तक्रार केली. तिचे उत्तर तेच, त्याच शब्दांत, आणि सोबत तक्रार निकाली काढल्याची सूचना. तिसऱ्या वेळी दूरध्वनीवरून बोलले. पलीकडच्या व्यक्तीने अत्यंत सौजन्याने सांगितले, की मराठीत अशा अडचणी येतात, आपण हाच साचा इंग्रजीत पाठवा, लगेच मंजूर होऊन संदेश जाऊ लागतील. मी विचारले, की मराठीतील इतर तीन संदेश जातात, मग याच संदेशात काय वेगळे आहे? त्याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते, आणि जे ठाऊक नाही ते शोधून सांगण्याची जबाबदारी कोणाची, तेही त्यांना सांगता आले नाही. ते शोधण्याचे काम माझे नसून त्यांचे होते, असे मला आजही वाटते.

जूनच्या अखेरीस मुख्याधिकाऱ्यांनीही विचारले, की तूर्त रोमन लिपीतून मराठी पाठवले तर चालणार नाही का. त्यांची काळजी खरी होती, पावसाळा सुरू झाला होता. मी त्यांना म्हणाले, “साहेब, ज्यांच्यासाठी हा संदेश आहे त्यांच्यापैकी कितीजण रोमन लिपी वाचतील? घाईत वाचायचा मजकूर आहे. तो वाचून दाखवायला नातवाला शोधावे लागले, तर रिक्षाचा भोंगाच बरा.” त्यांनी आठ दिवस दिले. कार्यालयात माझ्या आग्रहाला हट्ट म्हटले गेले, पण शासनाचा कारभार मराठीतून चालावा यासाठी १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे, आणि लोकांच्या जिवाशी संबंधित सूचनेलाच त्यातून वगळायचे, हे मला मान्य नव्हते.

त्या आठ दिवसांतच हतनूरचा विसर्ग वाढला. आमच्याकडे पावसाचा थेंब नव्हता. रिक्षा फिरली, पण ती वस्तीत फिरते, शेतात जात नाही. संध्याकाळी एक शेतकरी कार्यालयात आला आणि त्याच्या दोन मोटारी वाहून गेल्याचे त्याने सांगितले. तो मला काहीही बोलला नाही, फक्त नुकसानीचा अर्ज कोणाकडे द्यायचा, एवढेच त्याने विचारले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या संगणक चालकाने एक साधी गोष्ट केली. एसएमएसमध्ये इंग्रजी मजकुराला १६० अक्षरांची मर्यादा असते, तर मराठी मजकुराला ७० ची, आणि त्यात काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत तो दहा भरतो. त्यामुळे कोणताही मजकूर लिहिला की मोजून पाहायची त्याला सवय होती. आमचा संदेश असा होता: ‘हतनूरचे १० दरवाजे उघडले. तापी किनाऱ्यावर जाऊ नये. - नगरपरिषद’, आणि पुढे गावाचे नाव. बदलता आकडा आणि गावाचे नाव वगळून त्याने दोन्हीकडचा मजकूर मोजला. पॅनेलवर ५८ भरले आणि पोर्टलवर ५९. दिसायला हुबेहूब असलेल्या मजकुरात कोठेतरी एक खूण अधिक होती.

मग आम्ही एकेक शब्द तोडून मोजला. ‘किनाऱ्यावर’पाशी फरक सापडला. या शब्दातला जो अर्धा र आहे, तो संगणकावर दोन पद्धतींनी लिहिता येतो. एक पद्धत म्हणजे त्यासाठी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या सर्वमान्य अक्षरसंचात, असलेले ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन त्याला हलन्त जोडणे. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही एकसारखेच उमटतात. आमच्या कार्यालयात साच्यांचा मजकूर प्रथम जुन्या फाँटमध्ये टंकला गेला होता आणि नंतर रूपांतर करून युनिकोडमध्ये आणला होता. त्या रूपांतरात ती अदृश्य खूण आली आणि तिच्यासह साचा मंजूर झाला. पुरवठादाराचे पॅनेल मात्र मजकूर स्वीकारताना ती खूण गाळून साध्या र च्या जागी ‘ऱ’ घालत होते. म्हणून पोर्टलवरून तोच मजकूर उचलून चिकटवला तरी संदेश नाकारला जाई. केळी उत्पादकांच्या साच्यात ‘शेतकऱ्यांनी’ हा शब्द होता. उरलेल्या तीन साच्यांत अर्धा र कोठेच नव्हता.

हे उमगले तेव्हा आम्ही दोघेही काही क्षण नुसते पडद्याकडे पाहत राहिलो. आनंद झालाच, पण त्याहून जास्त राग आला. किनारा, वारा, शेतकरी, दुसरा हे काही मराठीतले विरळ शब्द नाहीत. त्यांना प्रत्यय लागला की हा र येतोच, आणि इशाऱ्याच्या संदेशात तर हेच शब्द लागतात. ‘इशारा’ या शब्दालाही ते चुकलेले नाही. मराठी साचे स्वीकारणाऱ्या व्यवस्थेला एवढे ठाऊक असणे ही किमान अपेक्षा आहे.

मंजूर साचा दुरुस्त करता येत नाही, म्हणून दोन्ही साचे नव्याने पाठवले. या वेळी मी स्वतः इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ टंकला. दोन दिवसांत मंजुरी आली आणि पहिल्याच चाचणीत बाराही फोन वाजले. मंजूर झालेला मजकूर आता आम्ही पुन्हा कधीही टंकत नाही; तो एका वेगळ्या फाईलमध्ये खुणांच्या संख्येसह ठेवला आहे आणि रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याने फक्त रिकाम्या जागेतला आकडा भरायचा, असे लेखी ठरवून घेतले आहे.

आणखी काही गोष्टी लिहिताना आठवल्या. साचा पाठवताना भाषेच्या रकान्यात युनिकोड निवडायचे राहिले, तर मराठी मजकूर परत येतो. प्रकार निवडताना ‘ट्रान्झॅक्शनल’ हा शब्द आपल्या कामाचा वाटतो, पण तो मुख्यतः बँकांच्या ओटीपीसारख्या संदेशांसाठी आहे. आमचे साचे तेव्हा ‘सर्व्हिस इम्प्लिसिट’, म्हणजे सेवेच्या सूचना, या प्रकारात बसले. संदेशात दुवा द्यायचा असेल, तर १ ऑक्टोबर २०२४ पासून तोही आधी नोंदवून घ्यावा लागतो, त्यामुळे पुराच्या इशाऱ्यात दुवा घालूच नये. २०२५ च्या दुरुस्तीनंतर सरकारी संदेशाच्या शीर्षकाअखेरीस इंग्रजी ‘जी’ हे अक्षर येते. खरा संदेश ओळखण्याची ही खूण आम्ही घाटावरच्या फलकावर लिहून ठेवली आहे. क्रमांकांची यादी करताना केवळ मालमत्ता कराच्या नोंदींवर विसंबू नये. मोटार असते शेतकऱ्याची, पण काठावर राहतो तो वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार, आणि त्याचे नाव कोणत्याच कराच्या यादीत नसते. ती नावे आम्ही वस्तीत जाऊन, पावसात भिजत लिहून आणली.

जुलैच्या अखेरीस एका रात्री पावणेबाराला विसर्ग वाढणार असल्याचा निरोप आला. तोवर सर्व झोपलेले, रिक्षावाल्याला उठवायला माणूस गेलेला, आणि मी घरून संदेशाची फाईल उघडून आकडा भरला. पोहोचलेल्या संदेशांची संख्या वाढत जाताना पाहत बसले. दोन दिवसांनी घाटावर एक वयस्कर भोई भेटले. त्यांनी खिशातला फोन काढून दाखवला आणि म्हणाले, “ताई, तुमना निरोप उना, तव्हय मी मोटर काढी लिधी.” त्यांना मी काय उत्तर दिले ते आठवत नाही, पण घरी येईपर्यंत माझे डोळे भरलेले होते.

यंदा मे महिन्यात सहाव्या साच्याचा अर्ज केला. उन्हाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या वादळात आमच्याकडे केळीच्या बागा आडव्या होतात, म्हणून तो वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याचा आहे. मजकूर तयार झाल्यावर ‘वाऱ्यासह’ हा शब्द मी वेगळा काढून मोजला, आठ खुणा भरल्या, आणि मगच अर्ज पुढे पाठवला.