शेंगेतला पीळ कानात कसा येतो

नवा दागिना सुचत नाही म्हणून फोनवर इतरांचे दागिने पाहत बसणे हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा मार्ग. तिथे आकार, धातू, जोड सगळे कुणीतरी आधीच निवडलेले असते. आपल्याला निवडायला काही उरत नाही आणि हात नकळत नक्कल करू लागतो. त्यापेक्षा एकच खरी वस्तू टेबलावर ठेवावी आणि तासभर तिच्यापाशी बसावे.

वाळून फुटलेली कांचनाची शेंग घेऊ. तिच्या दोन फाका एकमेकींपासून सुटतात आणि विरुद्ध दिशांना पिळल्या जातात, एक डावीकडे, एक उजवीकडे. फाकेच्या सालीत तंतूंचे दोन थर एकमेकांना तिरके असतात. वाळताना दोन्ही थर वेगवेगळ्या दिशांना आकसतात आणि त्या ओढाताणीत फाक वळते. म्हणजे कर्णफुलांची जोडी शेंगेने आधीच करून ठेवली आहे! असे काही सापडेपर्यंत वस्तू सोडू नये.

ते सापडते चित्र काढताना. शेंगेचे पूर्ण चित्र नको. दहा लहान चित्रे काढा आणि प्रत्येकात एकच गोष्ट धरा: बाहेरची रेषा, बियांचे उंचवटे, फाकांमधली फट, पीळ. पेन जाड घ्या, म्हणजे बारकावे आपोआप गळतात. फ्रेंच दागिनेकार रेने लालिकने 1897-98 च्या सुमारास केलेला, अर्धी स्त्री आणि अर्धा चतुर (पंखांचा कीटक) असा दागिना लिस्बनच्या गुल्बेंकियन संग्रहालयात आहे. त्यातल्या पंखांना मागे पत्रा नाही. धातूच्या जाळीत प्रकाश आरपार जाऊ देणारे मीनाकाम भरले आहे, म्हणून ते चतुराच्या पंखांसारखे पारदर्शक वाटतात. वस्तूतला नेमका कोणता गुण घ्यायचा हे ठरले की तंत्रही त्यातूनच ठरत जाते.

निवडलेले चित्र मग प्रत्यक्ष मापात काढा. इथे फार जण चुकतात. 9 सेंटिमीटरच्या चित्रात 3 मिलिमीटरची फट ऐसपैस दिसते. तेच 3 सेंटिमीटरवर आणले की फट 1 मिलिमीटर उरते आणि तिच्यात कानस शिरत नाही.

आता पीळ. 60 मिलिमीटर लांब, 6 रुंद आणि 0.5 जाड अशा तांब्याच्या दोन पट्ट्या लागतील. एकीचे वजन साधारण 1.6 ग्रॅम, कानाला अजिबात जड नाही. आधी कागदाच्या पट्टीवर पीळ देऊन पाहा. एक पूर्ण वेढा की दीड, हे कागद लगेच सांगतो आणि धातू वाया जात नाही.

कामाचा क्रम महत्त्वाचा. पट्टी मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, म्हणजे ती मऊ होते. वरचा काळा थर कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून काढा. मग टोकापासून 2 मिलिमीटरवर 1.2 मिलिमीटरचे भोक पाडा, त्यात कानात अडकवायची 0.8 मिलिमीटरची तार सहज हलते. कडा कानशीने गोल करा आणि 400, 800, 1200 क्रमांकाचे (आकडा वाढेल तसा बारीक) पॉलिशपेपर या क्रमाने फिरवा. हे सगळे पिळण्याआधीच, कारण नंतर आतल्या वळणात काहीच पोहोचत नाही. हातोडीने पोत द्यायचा असेल तर तोही आधीच, पण ठोकल्याने पट्टी कडक होते, म्हणून त्यानंतर पुन्हा तापवून मऊ करायला हवी.

दोन पकडींच्या जबड्यांना कागदी चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर दातांचे वळ तांब्यावर कायमचे उमटतात. टोके धरून एका सलग ओढीत पिळा. थांबत थांबत पिळले की प्रत्येक थांब्यावर कोन दिसतो. या मापाच्या पट्टीला एक वेढा दिला तर कडेला मध्यापेक्षा सुमारे 5 टक्के जास्त ताणावे लागते, दोन वेढ्यांना 18 टक्के. म्हणून दुसऱ्या वेढ्याआधी पट्टी पुन्हा मऊ करा, नाहीतर कडेला बारीक भेगा पडतात.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच बाजूला पिळणे. वाटते की एक उलटी टांगली की जोडी जमेल. जमत नाही. उजवा पीळ उलटा धरला तरी उजवाच राहतो. पहिली पट्टी पूर्ण झाली की ती समोर ठेवूनच दुसरी विरुद्ध बाजूला वळवा.

तार भोकातून ओवून जोडी टांगून पाहा. पट्टी गालाला आडवी येत असेल, तर तिचे रुंद तोंड चुकीच्या दिशेला आहे. मधे एक लहान कडी घातली की पट्टी पाव फेरी वळते आणि समोरून पीळ दिसू लागतो.